निनाम पाडळीची पाच बटणं

पहाटे पाच

जोतिबाच्या डोंगरावर गुरवाच्या घरात गजर लावावा लागत नाही. देवळातली घंटा वाजते, पाठोपाठ न्हाणीघरात बादली आपटते. मामांची, म्हणजे सासऱ्यांची, पूजेची पाळी असली की ते अंधारातच देवळाकडं निघतात. त्यांना चहा देऊन आत्ती, म्हणजे सासूबाई, पुन्हा अंग टाकतात, मुलगा उठायला अजून अवकाश असतो. मधला अर्धा-पाऊण तास माझा.

कॉम्प्युटर आहे बाहेरच्या खोलीत. यात्रेत आमच्या वाट्याला आलेल्या गावांचे भाविक उतरतात ती ही खोली. एरवी तिथं तांदळाची पोती, देवाच्या पितळी वस्तू आणि माझं टेबल. कीबोर्डखाली जुना टॉवेल चौपदरी घालते. आवाज दबतो आणि कीबोर्ड सरकतही नाही. खुर्चीवर एक उशी टाकावी लागते, कारण टेबल उंच आहे. कोपर टेबलाच्या पातळीला आलं नाही की मनगट काठावर टेकतं, आणि मनगट टेकलं की बोटं बटणापर्यंत पोचायला ओढली जातात. क्लासमध्ये हे पहिल्या दिवशी सांगतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

डोंगर तीन हजार फुटांवर. आज डिसेंबरातली पहाट, वारा खिडकीच्या फटीतून आत येतो. गार बोटांनी टायपिंग करू नये. आधी गरम पाण्यात हात धरायचे, मुठी उघडायच्या, मिटायच्या. मग मधली ओळ. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो. तर्जन्या तिथं टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या जागी पडतात. स्क्रीन बंदच ठेवते. सुरुवातीची पाच मिनिटं काय उमटतं ते बघायचं नाही, बोट कुठं पडतंय ते जाणवू द्यायचं. डोळ्यांना काम दिलं की बोटं आळशी होतात.

मी लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेच्या तयारीला लागलेय. राज्य लोकसेवा आयोगाची अट आहे मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची. पूर्वी राज्य परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र जोडलं की झालं. आता या पदांसाठी टंकलेखनाची कौशल्य चाचणीही द्यावी लागते. प्रमाणपत्र फायलीत राहतं, चाचणीला बोटं न्यावी लागतात. तीस शब्द म्हणजे काय विशेष, असं न टायपिंग करणाऱ्याला वाटतं. त्यानं एकदा घड्याळ लावून ‘वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर’ एवढंच लिहून बघावं.

मी इनस्क्रिप्टवर टाइप करते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ही मांडणी ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला. व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच, नुसता शिफ्टचा फरक. ज्यानं कुणी ही मांडणी केली त्यानं बाराखडी म्हणत म्हणत केली असणार. आपण मराठीत व्यंजन म्हणतो, मग स्वर; त्यामुळं उजवा हात, डावा हात, उजवा, डावा अशी चाल आपोआप लागते. एक हात बटण दाबत असताना दुसरा पुढच्या बटणावर जाऊन थांबलेला असतो. वेग खरा इथून येतो.

आमच्या देवाचं नावच घ्या. ज उजव्या करंगळीला, ओकाराची मात्रा डाव्या करंगळीला. त उजव्या अनामिकेला, वेलांटी डाव्या तर्जनीला. ब उजव्या तर्जनीला, काना डाव्या मधल्या बोटाला. सहा बटणं, सहा वेगळी बोटं, एकदाही तोच हात लागोपाठ नाही. ‘सासनकाठी’, यात्रेत गावं घेऊन येतात ती उंच काठी, हा शब्द तर याहून लांब, आठ बटणांची, आणि शेवटच्या ठीपर्यंत हात आलटून पालटून. ‘महाराष्ट्र’ दिसायला अवघड, जोडाक्षर डोकेदुखीचं, पण हातांना सोपा. क्लासात मुलांना ‘अ ब क’ची रटाळ पानं घालतात त्याऐवजी हे शब्द घालावेत असं माझं मत आहे. पहाटेच्या पाच मिनिटांत मी हेच घोळवते. हळू. इतकं हळू की चूक व्हायला जागाच राहू नये.

सहा ते साडेआठ

भाकऱ्या, डबे, मुलाची शाळा, आत्तींच्या गोळ्या. यात टायपिंगचं काही नाही, एवढंच की भाकरी थापून हात मोकळे होतात. सराव आधी आणि भाकरी नंतर हा क्रम मात्र मोडत नाही, कारण पिठाचे हात कितीही धुतले तरी नखात काही राहतंच.

साडेआठ ते सव्वादहा

बस भरायची वाट बघते, मी खिडकी धरते. दानेवाडी, कुशिरे, केर्ली, मग रत्नागिरीचा रस्ता आणि शिवाजी पूल. आज पहिला शनिवार, म्हणजे कोर्ट चालू. दुसरा किंवा चौथा असता तर मी अजून घरी असते.

बसमध्ये चुकांची वही उघडते. यात तारीख नाही, वेगाचे आकडे नाहीत. फक्त काय लिहायचं होतं आणि काय लिहिलं गेलं. नुसता वेग लिहून ठेवणाऱ्यांच्या वह्या मी बघितल्यात. त्यात आज २६, उद्या २८, परवा २५ असा चढउतार असतो आणि त्यातून कळत काहीच नाही. चुका लिहिल्या की महिन्याभरात त्यांच्या जाती दिसायला लागतात.

पहिली जात शेजारच्या बटणाची. ल आणि स शेजारी आहेत, र आणि क शेजारी. ‘सकाळ’चं ‘लकाळ’ होतं. हे बोट जागेवरून सरकल्याचं लक्षण. तर्जनी उंचवट्यावर परत नेली की मिटतं.

दुसरी जात शिफ्ट निसटण्याची, आणि ही घातकी. इनस्क्रिप्टवर म आणि ण एकाच बटणावर आहेत. शिफ्ट अर्धा क्षण उशिरा पडला की ‘आणि’चं ‘आमि’ होतं. ते निदान डोळ्यांना खुपतं. पण ल आणि ळही एकाच बटणावर. ‘काळ’चा ‘काल’, ‘वेळ’ची ‘वेल’, ‘बाळ’चा ‘बाल’ झाला तर शब्द तपासणारं सॉफ्टवेअरही गप्प बसतं, कारण तेही शब्दच आहेत. याला उपाय म्हणजे शिफ्ट नेहमी समोरच्या हाताच्या करंगळीनं दाबायचा. ळ उजव्या हाताचा, तर शिफ्ट डाव्या हाताचा. एकाच हातानं दोन्ही करायला गेलं की तळहात वाकडा होतो आणि पुढची दोन अक्षरं बिघडतात.

तिसरी जात घाईची. उजवा हात मागं राहतो, डावा पुढं धावतो, त आधी यायच्या ऐवजी वेलांटी आधी पडते आणि पडद्यावर ती एका ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली दिसते. हातांची चाल आलटून पालटून असण्याचा हा तोटा. ही चूक वहीत दिसायला लागली की त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही, उलट चार शब्दांनी उतरवायचा.

शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी मोबाइलवर दोन अंगठ्यांनी भराभर लिहीत होती, इंग्रजी अक्षरांत मराठी. मी मराठी तसं लिहीत नाही. अंगठ्यांची आणि इंग्रजी स्पेलिंगची सवय डोक्यात बसली की ‘क’ म्हटल्यावर बोटाला के आठवावा की आणखी काही, असा घोळ होतो. (इनस्क्रिप्टवर क नेमका के याच बटणावर आहे, हा योगायोग, र मात्र जे वर आहे आणि त एलवर.)

‘‘वहिनी, आता बोललं की टाइप होतंय की. कशाला एवढा ताप?’’ मागच्या सीटवरून आमच्या आळीतला एक जण विचारतो. फुलांचा धंदा आहे त्याचा.

‘‘तू बोल बघू, ‘गट नंबर दोनशे तीन बटा एक अ’.’’

त्यानं फोन तोंडाजवळ धरला. जे उमटलं ते इथं लिहीत नाही, पण अर्धी बस हसली. बोलून लिहिणं निरोपाला ठीक आहे. मी विरोधात नाही. पण गावाचं नाव, आडनाव, गट नंबर आणि चतुःसीमा आली की शेवटी बोटंच लागतात.

सव्वादहा ते दीड

कसबा बावड्याला जिल्हा कोर्टाच्या बाहेर ज्या टेबलांवर प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार टाइप होतात त्यातलं एक टेबल माझ्याकडं आहे; मालक वेगळे. गेल्या ऑगस्टपासून इंग्रजी कामही वाढलंय. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडं. खालच्या कोर्टाचं कामकाज मराठीत, तिथलं इंग्रजीत. त्यामुळं एकाच दुपारी दोन मांडण्या चालवाव्या लागतात. भाषा बदलल्यावर पहिली ओळ मी मुद्दाम सावकाश टाइप करते, बोटांना आता कुठल्या घरात आलो ते कळायला तेवढा वेळ लागतो.

इथल्या कामात एक गंमत आहे. दिवसभर टायपिंग करूनही वेग वाढत नाही. निम्मं काम साच्यातलं असतं; जुनी फाइल उघडायची, नाव, वय, धंदा, पत्ता बदलायचा. मग वकिलांचं अक्षर लावायचं. मग पक्षकार म्हणतो, ‘‘ताई, वडलांचं नाव आधी घाला.’’ सलग दहा मिनिटं हात चाललेत असं क्वचित होतं. म्हणून रोज टायपिंगची नोकरी करणारी माणसं वर्षानुवर्षं एकाच वेगावर थांबलेली दिसतात. सराव वेगळा आणि काम वेगळं. ही गोष्ट मला कुणी सुरुवातीलाच सांगितली असती तर बरं झालं असतं.

पण कामातून एक गोष्ट शिकायला मिळते, ती घरी मिळत नाही: पुढचं वाचणं. कागद डाव्या बाजूला उभा, डोळे कागदावर आणि बोटं नजरेतल्या शब्दाच्या एक-दोन शब्द मागं. ज्या शब्दावर बोटं आहेत त्याच शब्दावर डोळे असले की प्रत्येक शब्दाच्या शेवटी थांबा येतो. आज एका वारसाच्या अर्जात ‘मयताच्या पश्चात’ लिहिताना डोळे पुढच्या ओळीतल्या ‘अज्ञान मुलगा’वर गेले होते, आणि ‘पश्चात’मधला श्च कधी पडला ते कळलंही नाही. असं झालं की समजायचं, हात बरोबर चाललेत.

गट नंबरला मात्र वेग शून्य. आकडा टाइप करायचा, कागदाकडं बघायचं, पक्षकाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा. इथं मिनिटाला किती शब्द हे कुणी विचारत नाही. एक आकडा चुकला तर शेत दुसऱ्याचं होतं.

दीड ते दोन

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त सर येऊन बसतात. शहरात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्यांची बोटं रेमिंग्टनवर घडलेली. आमच्या दोघांच्या मांडण्या निराळ्या, आणि यावरून डबा उघडताना रोज एकदा वाद होतो. रेमिंग्टनमध्ये कागदावर जे आधी दिसतं ते आधी दाबायचं, म्हणून ‘ति’ला वेलांटी आधी आणि त नंतर. इनस्क्रिप्टमध्ये जे आधी बोलतो ते आधी. सर म्हणतात, ‘‘तुमचं ते पाठांतर, आमचं चित्र.’’ माझं म्हणणं, ज्याची ज्यावर बोटं बसली त्यानं ती मोडू नये. नव्यानं शिकणाऱ्यानं इनस्क्रिप्टच घ्यावं. दोन्हींवर एक एक पाय ठेवणारा मात्र कुठंच पोचत नाही. चाचणीला कोणती मांडणी चालते ते सूचनापत्रात वाचून मगच सराव सुरू करावा, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

सरांच्या काळी मशीन लोखंडाचं. गोदरेजनं १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, त्यातलं एक सरांच्या क्लासात होतं. त्यावर सात मिनिटांचा वेगाचा उतारा, मागं कार्बन. चूक झाली तर पुसायची सोय नाही. ‘‘म्हणून आमची पोरं चुकायची नाहीत,’’ सर म्हणतात. ‘‘तुम्हाला बॅकस्पेस मिळाला आणि तुमची बोटं बिघडली.’’ परीक्षा परिषदेनं मशीनवरची परीक्षा २०१७ मध्ये बंद केली. आता सगळं कॉम्प्युटरवर.

आज त्यांनी मॅकगुरिनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या कोर्टात फ्रँक मॅकगुरिन नावाचा लघुलेखक होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. त्यानं रेमिंग्टनची सगळी बटणं पाठ केली होती, बघायचाच नाही. लुई ट्राउब नावाचा दुसरा निष्णात टंकलेखक, दुसऱ्या बनावटीच्या मशीनवरचा. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटीत दोघांची शर्यत लागली. अर्धा वेळ ऐकून, अर्धा वेळ कागदावरून बघून. कागदावरून उतरवताना ट्राउबची नजर कागद आणि मशीन यांच्यात फिरत राहिली, मॅकगुरिनची कागदावरून हललीच नाही. मॅकगुरिन सहज जिंकला आणि न बघता टायपिंग करायची पद्धत तिथून सगळीकडं पसरली.

‘‘आणि टँगोरा?’’ मी विचारलं. सरांना हे नाव काढलं की बरं वाटतं. अल्बर्ट टँगोरानं १९२३ साली अंडरवूडच्या साध्या मशीनवर तासभर मिनिटाला १४७ शब्दांचा वेग ठेवला. पण सर आकड्यावर थांबत नाहीत. ‘‘त्या स्पर्धांत एका चुकीला दहा शब्द कापायचे. दहा! तुमच्या चाचणीत असा नियम असता तर निम्मी पोरं शून्याच्या खाली गेली असती.’’

दोन ते साडेपाच

दुपारी तीननंतर माझ्या चुका वाढतात. बोटं थकत नाहीत, लक्ष थकतं. तिथं मी एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवते. एक अक्षर चुकलं की ते चुकीचं बटण, एक बॅकस्पेस आणि मग बरोबर बटण. एका अक्षराला तीन ठोके. हजार ठोक्यांत पन्नास चुका म्हणजे शंभर ठोके फुकट, शिवाय प्रत्येक चुकीपाशी ‘अरे’ म्हणून हात थांबतो तो वेळ वेगळा. बहुतेकांचा वेग तिथंच सांडलेला असतो, आणि ते बोटं आणखी जोरात आपटून तो भरून काढायला बघतात.

साडेतीनला उठते, हात खाली सोडून झटकते, मनगटं दोन्ही बाजूंना वळवते, चहा घेते. मनगटात कळ यायला लागली की सराव बंद ठेवावा, दोन दिवस गेले तरी काही बिघडत नाही. दुखऱ्या हातानं केलेला सराव बोटांना वाकडं वळण लावतो आणि ते काढायला महिने जातात.

सव्वासहा ते साडेसात

बस डोंगर चढते. वर येईस्तोवर अंधार. घरी चहा, देवाला दिवा, मुलाचा अभ्यास शेजारी बसवून माझा दुसरा सराव.

आज त्याआधी कीबोर्ड साफ करायचा होता, कारण ‘प’चं बटण दाबलं की वर यायला कुरकुरत होतं. आमच्याकडं याचं कारण एकच. स्क्रू काढायच्या पट्टीनं बटण उचललं, खाली गुलाबी थर. चैत्र यात्रेला आठ महिने होत आले, तरी गुलाल आहेच. यात्रेत डोंगरावर इतका गुलाल आणि खोबरं उधळतात की तो छपरात, धान्यात, कपड्यांच्या घड्यांत जातो; कीबोर्डवर प्लास्टिक घातलं तरी आत पोचतो. जुना दातांचा ब्रश, कोरडाच, आणि कीबोर्ड उलटा धरून हलक्या थापा. ओलं फडकं लावायचं नाही, गुलालाचा चिखल होतो आणि मग ते बटण कायमचं गेलं. एकेक बटण उचलून पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडलं, नाहीतर परत लावताना ळ कुठला आणि स कुठला अशी शोधाशोध. मुलानं खालचा गुलाल बोटावर घेऊन कपाळाला लावला.

मग सात मिनिटांचा उतारा. रोज वेगळा. तोच उतारा घोळवला की बोटं तो पाठ करतात आणि वेग खोटा वाढतो. आपल्याला वाटतं ३५ झाले, चाचणीत नवा कागद समोर आला की २७. मी वर्तमानपत्राचा अग्रलेख घेते, कधी जुना निकाल.

मोजणी कशी होते ते नीट समजून घ्यावं. इंग्रजीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची मिनिटाला ३५ शब्दांची अट म्हणजे तासाला १०,५०० ठोके. हिंदीचे ३० शब्द म्हणजे ९,०००. सात मिनिटांत कुणी १,१२० ठोके मारले तर २२४ शब्द, मिनिटाला ३२. बरं वाटतं. पण प्रत्येक चुकीला एक शब्द वजा धरला आणि चुका चौदा निघाल्या, तर २१० उरतात, बरोबर ३०. पंधरावी चूक झाली की नापास. दुसऱ्यानं १,०८५ च ठोके मारले, म्हणजे मिनिटाला ३१, पण चुका चारच. त्याचे २१३ शब्द उरले, तो पास. चुका कशा कापायच्या आणि मराठीचा शब्द कसा धरायचा याचे नियम परीक्षेप्रमाणं बदलतात, पण हिशेबाचा झोक सगळीकडं हाच.

मी मध्यंतरी २८ वर अडकले होते. कितीही बडवलं तरी पुढं जाईना. तेव्हा सरांनी सांगितलेलं केलं: वेग चोवीसवर आणला, चूक दिसेनाशी होईपर्यंत तिथंच राहिले, मग एकच मिनिट तीसच्या वेगानं, चुका होऊ दे म्हणून, आणि परत चोवीसवर. त्या एका मिनिटात कुठली जोडी अडते ते कळतं. ती जोडी वहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तेवढीच घ्यायची.

आठ ते साडेनऊ

जेवणं झाली. मामा त्यांची वही घेऊन आले. आमच्याकडं गावं वाटून असतात; अमुक गावाचे भाविक अमुक पुजाऱ्याकडं, पिढ्यानपिढ्या. कुठल्या गावची कोण माणसं, कुणाचा मुलगा, कुणाची सासनकाठी, सगळं वह्यांत. वह्या जीर्ण झाल्यात, त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. मामा वाचतात, मी टाइप करते. आज मानाच्या सासनकाठ्यांच्या गावांची यादी काढली होती.

‘‘लिही. निनाम पाडळी.’’

पहिल्या मानाच्या काठीचं गाव, सातारा जिल्ह्यातलं. आणि याच नावापाशी माझी बोटं अडखळली. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं उजवीकडं असं मी सकाळी म्हटलं, पण म, न आणि व ही तीन व्यंजनं डाव्या हाताला खालच्या ओळीत पडलीत. ‘निनाम’ लिहून बघा. न डावी तर्जनी, खाली. वेलांटी तीच तर्जनी, वर. पुन्हा न, तीच तर्जनी, खाली. काना मधलं बोट, वरची ओळ. म तेच मधलं बोट, खालची ओळ. पाच बटणं, दोन बोटं, उजवा हात नुसता बघत बसलेला. जोतिबाचं नाव जितकं हातांना गोड, तितकं पहिल्या मानाचं हे नाव अवघड.

‘‘पुढचं. मौजे विहे.’’ व आणि वेलांटी, पुन्हा तीच तर्जनी. ‘‘किवळ.’’ वेलांटी आणि व, उलटी. म्हणजे ‘शिवाजी’ आणि ‘दिवस’ लिहिताना माझा वेग का पडतो तेही कळलं. वहीत हे शब्द निरनिराळ्या पानांवर होते, जोडी एकच होती. ‘‘कसबा डिग्रज. कवठेएकंद. कसबा सांगाव.’’ हे सरळ गेले. ‘सांगाव’च्या शेवटच्या वला थोडं थांबले.

अशा जोड्यांना बोट बदलून पळवाट काढायची नाही, असं सर सांगतात. काही जण ‘मा’चा म तर्जनीनं मारतात, पण मग न कोण घेणार? त्यापेक्षा बोट खालून वर नेताना मनगट सैल सोडायचं, हात किंचित मागं येऊ द्यायचा, आणि त्या दोन अक्षरांपुरता वेग कमी ठेवायचा. बाकी शब्द भराभर जातोय म्हणून हेही भराभर जायला पाहिजे असं नाही. मी मामांना थांबवलं आणि ‘नि नि ना नाम निनाम’ अशी एक ओळ हळू मारली. मग दुसरी.

‘‘काय चाललंय? एकच गाव किती वेळा लिवतीस?’’

‘‘मामा, पहिला मान आहे न्हवं त्यांचा.’’

मामांनी मान डोलावली, त्यांना ते पटलं. आत्ती पलीकडं वाती वळत होत्या, त्या हसल्या.

‘‘आमच्या वेळेला हे समदं तोंडपाठ होतं,’’ मामा म्हणाले. ‘‘काठी लांबनं दिसली की गाव सांगायचो.’’

साडेनऊ

यादी संपली. मोठ्यानं वाचून दाखवली, मामांनी एका ठिकाणी अडवलं. पाडळीचा ळ राहून ल झाला होता. शिफ्ट. वहीत लिहून घेतलं, यादीत सुधारलं. मुलगा टेबलाशीच झोपला होता, कपाळावर अजून गुलाल.

‘‘दुसरी वही उद्या काढू का?’’ मामांनी विचारलं.

‘‘उद्या रविवार हाय मामा.’’

‘‘व्हय की,’’ मामा म्हणाले, आणि वही कपाटात ठेवून दिली. रविवारी पहाटेपासून डोंगरावर माणूस मावत नाही. बाहेरची खोली भरलेली, मी नारळ-गुलालाच्या पुड्या बांधायला बसलेली. कॉम्प्युटरवर आत्ताच प्लास्टिक घालून ठेवलं, वर आणखी एक चादर टाकली आणि चारी बाजूंनी खोचली.